दुसऱ्याच्या ओंजळीने

मोबाइल फोनच्या दुकानात शिरले की भिंतभर नमुने मांडलेले दिसतात. कॅमेरे तीन की चार, बॅटरी किती तास चालणार, रंग निळा हवा की राखाडी, यावर विक्रेता अर्धा तास बोलू शकतो. निवडीचे एवढे अवडंबर माजलेले असताना एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. या साऱ्या फोनांच्या पोटात कार्यप्रणाली दोनच आहेत. एक गुगलची अँड्रॉइड आणि दुसरी ॲपलची आयओएस. साबण, चहा, एवढेच काय पण राजकीय पक्ष निवडतानाही आपल्याला यापेक्षा जास्त पर्याय असतात. तिसरी कार्यप्रणाली जन्मालाच आली नाही असे नव्हे. गेल्या पंधरा वर्षांत निदान अर्धा डझन आल्या आणि त्यांतल्या काही तर या दोघींपेक्षा देखण्या होत्या. त्या प्रत्येकीला एकाच प्रश्नाने गाठले. अँड्रॉइडसाठी लिहिलेली ॲप्स आपल्या फोनवर चालू द्यायची, की नाही?

या प्रश्नावर तंत्रज्ञांमध्ये सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, चालू द्या. लोक फोन घेतात तो ॲप्ससाठी, कार्यप्रणालीचे कौतुक कुणाला आहे? दुसरा म्हणतो, एकदा दुसऱ्याची ॲप्स घरात घेतली की आपल्यासाठी वेगळे ॲप कोण लिहील? मी हा वाद बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि अशा एका तिसऱ्या फोनवर दोन वर्षे संसारही केला आहे. माझे मत असे की दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोघेही ज्या दारावर भांडत आहेत ते दार आता कडी घालून बंद झालेले आहे. ती कडी कुणी घातली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी मुळात अडचण काय आहे ते समजून घेऊ. अँड्रॉइडच्या आणि दुसऱ्या एखाद्या फोनमधली चिप पुष्कळदा एकाच जातीची असते. तरीही एकाचे ॲप दुसऱ्यावर उघडत नाही. कारण ॲप एकटे काहीच करत नाही. पडद्यावर अक्षर उमटवायचे, जागेचा पत्ता विचारायचा, निरोप आला की घंटा वाजवायची, या प्रत्येक कामासाठी ते कार्यप्रणालीला हाक मारते आणि ती हाक ठरलेल्या शब्दांतच मारावी लागते. ज्यांनी नव्वदच्या दशकात मराठी टंकलेखन संगणकावर केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. एका कार्यालयात श्री-लिपीत जुळवलेला मजकूर दुसऱ्या कार्यालयात, जिथे तो फाँट नसे, तिथे उघडला की पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा शिमगा होई. मजकूर शाबूत असे. फक्त तो समजून घेणारे कुणी नसे. त्यावर दोनच उपाय असतात. एक तर सर्वांनी एक प्रमाण मानायचे, जसे पुढे युनिकोड आले. नाही तर मध्ये दुभाषा बसवायचा. अँड्रॉइड ॲपची हाक ऐकून तिचे उत्तर अँड्रॉइडच्याच शब्दांत देणारा थर नव्या कार्यप्रणालीत बसवला की ॲपला आपण परक्या घरी आहोत हे कळतही नाही.

हा दुभाषा बसवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग फोनवर नव्हे, संगणकावर झाला. ओएस/२ ही कार्यप्रणाली आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ मध्ये बाजारात आणली. पुढे दोघांचे फाटले, मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या मागे लागली आणि आयबीएमने १९९२ मध्ये ओएस/२ ची दुसरी आवृत्ती एकटीने काढली. तिच्यात विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम चालत, आणि नुसते चालत नसत, तर एक कोसळला तरी बाकीचे उभे राहत. प्रत्यक्ष विंडोजला तेव्हा हे साधत नव्हते. आयबीएमने जाहिरातही तशीच केली, की ही विंडोजपेक्षा चांगली विंडोज आहे. जाहिरात खोटी नव्हती, आणि तीच नडली. कार्यक्रम लिहिणाऱ्या कंपनीने साधा हिशेब केला. विंडोजसाठी लिहिले तर दोन्हीकडे खपते, ओएस/२ साठी लिहिले तर एकीकडेच. मग दुसरे कष्ट कशाला? १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ आणली, कार्यक्रमांची भाषाच बदलली, आणि आयबीएमचा दुभाषा जुनी बोली बोलत मागे राहिला. बँकांच्या एटीएम यंत्रांत ओएस/२ पुढे कित्येक वर्षे निमूट काम करत राहिली. घराघरांतून मात्र ती गेली. २००६ च्या अखेरीस आयबीएमने तिचा आधारही काढून घेतला.

ही कथा माहीत असूनही पुढच्या प्रत्येकाने तीच वाट धरली. ब्लॅकबेरीचे उदाहरण घ्या. टपोऱ्या कळांचे ते फोन एके काळी मोठ्या साहेबाची खूण होते. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला आणि साहेबांचे बोट कळांवरून काचेवर गेले. ब्लॅकबेरीने क्यूएनएक्स ही भक्कम प्रणाली विकत घेतली, तिच्यावर नवा डोलारा उभारला आणि ३० जानेवारी २०१३ रोजी ब्लॅकबेरी १० जाहीर केली. पहिल्याच दिवशी सत्तर हजार ॲप्स आहेत असे सांगितले गेले. त्यांतला बराच मोठा हिस्सा अँड्रॉइडच्या ॲप्सवर नवे वेष्टन चढवून आणलेला होता. सुरुवातीला निदान वेष्टन तरी चढवावे लागत असे. २०१४ मध्ये तेही सोडले. अँड्रॉइडचे ॲप थेट आणून बसवता येऊ लागले, आणि त्याच वर्षी ॲमेझॉनचे ॲप-दुकानच फोनमध्ये आयते घालून मिळाले. म्हणजे आपल्या दुकानाशेजारी आपणच दुसऱ्याला गाळा काढून दिला. २०१५ च्या शेवटी कंपनीने स्वतःचाच अँड्रॉइड फोन काढला. जानेवारी २०२२ मध्ये जुन्या फोनांच्या सेवा बंद झाल्या.

पण ब्लॅकबेरी दुभाष्यामुळे बुडाली, असे म्हणणे मला पटत नाही. दुभाषा नसता तर ती त्याआधीच बुडाली असती, एवढेच. त्या काळात तो फोन वापरणाऱ्यांचा खरा त्रास वेगळा होता. आणलेले ॲप उघडे, पहिले पान दाखवी आणि नकाशा यायच्या जागी रिकामा चौकोन येई. याचे कारण पुष्कळांना आजही ठाऊक नसते. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. कुणीही घ्यावा, वापरावा. परंतु नकाशा, निरोपांची घंटा, गुगलच्या खात्याने प्रवेश, यांसारख्या सोयी त्या गाभ्यात नाहीत. त्या गुगलच्या खासगी सेवांत आहेत, आणि त्या सेवा फोनवर घालायला गुगलचा परवाना लागतो. वर्षागणिक एकेक सोय गाभ्यातून खासगी भागात सरकत गेली आणि ॲप लिहिणारे त्या भागावर भार टाकू लागले. दुभाष्याला भाषा येत होती, पण बोलणे ज्या माणसाविषयी चालले होते तो माणूसच घरात नव्हता.

आता माझ्या फोनविषयी. नोकियाने २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि आपली मीगो ही लिनक्सवर बेतलेली प्रणाली वाऱ्यावर सोडली. तेव्हा बाहेर पडलेल्या काही मंडळींनी फिनलंडमध्ये योला नावाची कंपनी काढली, सेलफिश ही प्रणाली रचली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात पहिला फोन विकला. पुढच्या वर्षी तो भारतातही विक्रीला आला. २०१६ मध्ये इंटेक्सने ॲक्वा फिश नावाचा सेलफिशवरचा स्वस्त फोन काढला. फारसे कुणी तो घेतला नाही, पण ज्यांनी घेतला त्यांना सेलफिश म्हणजे काय ते विचारून पाहा. त्यात मागे जायची कळच नव्हती. कडेवरून बोट आत ओढले की चालू काम बाजूला सरके, आणि सारी उघडी कामे छोट्या पानांसारखी समोर मांडलेली दिसत. एका हाताने, बसमध्ये दांडीला लोंबकळत वापरावा असा तो फोन होता. त्यात अँड्रॉइडची ॲप्स चालवायला मिरियाड या स्विस कंपनीचा दुभाषा बसवलेला होता.

तो चाले. नाही म्हणणे कृतघ्नपणा होईल. रेल्वेचे वेळापत्रक, वर्तमानपत्रे, शब्दकोश, सारे उघडे. पण सेलफिशच्या नितळ पडद्यावर अँड्रॉइडचे ॲप आले, की लग्नात बूट घालून पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखे दिसे. हावभाव निराळे, कळा निराळ्या, बॅटरीची भूक निराळी. शिवाय दुभाष्याचे वय वाढत होते. बाहेर अँड्रॉइड पुढे पुढे जात होते आणि त्या पहिल्या फोनवरचा दुभाषा ४.१ या आवृत्तीवरच थांबला. एकेक ॲप नव्या आवृत्तीची मागणी करी आणि गळून पडे. आणि एके दिवशी एका बँकेच्या ॲपने उघडताच सांगितले की हे यंत्र सुरक्षित वाटत नाही, सबब पुढे जाता येणार नाही. भाषेची अडचण नव्हती. ॲपला सारे समजत होते. त्याला फक्त मी चालत नव्हतो.

या नकाराकडे येण्यापूर्वी विरुद्ध तटाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण ते स्टीव्ह जॉब्ससारख्या माणसाने मांडलेले आहे. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने नियम केला की आयफोनचे ॲप ठरावीक भाषांतच मुळातून लिहिलेले हवे. एकदा लिहून सगळीकडे चालवण्याच्या मधल्या साधनांना मज्जाव. रोख ॲडोबी कंपनीच्या फ्लॅशवर होता. जॉब्सचा मुद्दा असा की कार्यप्रणाली आणि ॲप यांच्यामध्ये तिसऱ्याचा थर आला, की सर्वांना समान असेल तेवढेच हाती लागते आणि नवी सोय लोकांपर्यंत कधी पोहोचवायची हे तो तिसरा ठरवतो. यात स्वार्थ होताच. पण मुद्दा खोटा नव्हता. जुन्या नोकियावर जावाचे खेळ खेळलेल्यांनी तो अनुभवला आहे. एकदा लिहा, कुठेही चालवा, ही जावाची प्रतिज्ञा होती आणि प्रत्यक्षात प्रत्येक फोनसाठी वेगळी डागडुजी करावी लागे. तो कडक नियम ॲपलने त्याच वर्षी सप्टेंबरात सैल केला. आज आपण वापरतो ती कित्येक ॲप्स फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह अशा साधनांनी एकदाच लिहून दोन्हीकडे पाठवलेली असतात आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो. हा भाग आता वादाचा राहिलेला नाही. मात्र ‘दोन्हीकडे’ या शब्दाकडे लक्ष द्या. तिसरीकडे पाठवण्याची मूळ सोय असूनही पाठवत कुणी नाही.

मायक्रोसॉफ्टचे तर हसे झाले. विंडोज फोनला ॲप्स मिळेनात म्हणून २०१५ मध्ये कंपनीने दोन पूल बांधायला घेतले, एक अँड्रॉइडच्या ॲप्ससाठी आणि एक आयफोनच्या. अँड्रॉइडचा पूल फेब्रुवारी २०१६ मध्ये सोडून दिला; दोन पुलांमुळे लिहिणाऱ्यांचा गोंधळ होतो, असे कारण दिले. चार वर्षांत फोनही गेला. नंतर याच कंपनीने विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड ॲप्स चालवायची सोय केली आणि मार्च २०२५ मध्ये तीही बंद केली.

मग हा प्रकार कधी यशस्वी होतच नाही का? होतो. व्हॉल्व्ह या खेळ विकणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये लिनक्ससाठी प्रोटॉन नावाचा दुभाषा काढला आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र. हजारो विंडोज खेळ त्यावर उत्तम चालतात. ओएस/२ चे भाकीत इथेही खरे ठरले, म्हणजे लिनक्ससाठी मुद्दाम खेळ लिहिण्याची निकड उरली नाही; पण खेळणाऱ्याचे काय बिघडले? काहीच नाही. त्याला खेळ मिळाला आणि विंडोजची सक्ती सुटली. मात्र तिथेही एक कोपरा बंद आहे. ज्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी बसवलेला असतो, त्यांतले फोर्टनाइटसारखे काही खेळ तिथे चालू दिले जात नाहीत. चालू शकत नाहीत असे नव्हे. मालक चालू देत नाही.

आणि उलट टोकाला ह्वावे आहे. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे या चिनी कंपनीच्या नव्या फोनांवरून गुगलच्या सेवा गेल्या. तिने आपली हार्मनी प्रणाली वाढवली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीतून अँड्रॉइडचा दुभाषा मुद्दाम काढून टाकला. दोर कापून टाकले, असेच म्हणायचे. एवढी मोठी घरची बाजारपेठ असल्यावर ते परवडते. चिनी कंपन्यांना हार्मनीसाठी वेगळे ॲप लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. गंमत अशी की थोड्याच काळात त्याच फोनच्या दुकानात तिसऱ्या कुणाची तरी अशी ॲप्स आली, की ज्यांच्या पोटात अँड्रॉइड चालते. दुभाषा पुढच्या दाराने गेला आणि मागच्याने आला. लोकांची कामे अडली की असेच होते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी दुभाष्याला आडकाठी नाही. खुद्द अँड्रॉइड उभी राहिली ती सन कंपनीच्या जावा भाषेतले हाका मारायचे शब्द उचलून. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलने त्यावर दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की सुमारे साडेअकरा हजार ओळींची ती उचल वाजवी वापरात मोडते. म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांत बोलण्याचा जो हक्क गुगलने न्यायालयात जिंकला, तोच वापरून सेलफिशसारखे छोटे खेळाडू अँड्रॉइडचे शब्द बोलत होते. शब्द बोलायला मोकळीक आहे. प्रश्न ओळखपत्राचा आहे.

ते ओळखपत्र म्हणजे प्ले इंटेग्रिटी. ॲप गुगलला विचारते, हे यंत्र तुमच्या प्रमाणपत्राचे आहे का? गुगलने नाही म्हटले की ॲप दार लावून घेते. बँकांची बाजू समजण्यासारखी आहे. फोनमध्ये ढवळाढवळ करून पैसे लुटणाऱ्या टोळ्या काल्पनिक नाहीत आणि गेलेल्या पैशांचा जाब बँकेलाच विचारला जातो. पण या पहाऱ्यात एक विसंगती आहे. वर्षानुवर्षे सुरक्षेची दुरुस्ती न मिळालेला जुनाट फोन, त्याच्यावर गुगलची मोहोर आहे म्हणून बहुतेक ॲप्सना चालतो. महिन्याच्या महिन्याला दुरुस्त होणारी पण मोहोर नसलेली प्रणाली चालत नाही. यंत्राच्या चिपमधल्या किल्लीवरून थेट साक्ष घेण्याची सोय अँड्रॉइडमध्येच आहे, गुगलला मध्ये न घेता. ती वापरण्याची तसदी फार थोडे घेतात. सुरक्षेच्या नावाखाली ही एका खासगी कंपनीची नोंदवही झाली आहे, आणि माणसाला आपल्याच खात्यातले पैसे पाहायचे तर त्या नोंदवहीत नाव असावे लागते.

भारतात याला फार मोठा अर्थ आहे, कारण आपण चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या फीपर्यंत सारे फोनवर नेले आहे. भीम ॲप ३० डिसेंबर २०१६ रोजी आले ते फक्त अँड्रॉइडवर. आयफोनवाले श्रीमंत, पण त्यांनाही फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले. २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन कायओएस या प्रणालीवर होता. दीड हजारांच्या अनामतीवर मिळणारा हा फोन खेड्यापाड्यांत गेला. त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडले, आणि २०२४ मध्ये कायओएसवर ते नव्याने उतरवून घेणे बंद झाले. ज्याच्या हातात तो फोन होता त्याने कुठल्याही वादात कुठलीही बाजू घेतलेली नव्हती. त्याला नातवाचा फोटो पाहायचा होता.

स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडचा खुला गाभा घेऊन वेगळी प्रणाली काढू पाहणाऱ्या फोननिर्मात्यांना गुगलचे करार कसे बांधून ठेवतात, हाही त्यातला एक मुद्दा होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, काही आदेश मात्र रद्द केले. या निकालाने फोननिर्मात्याला थोडा श्वास मिळाला असेल. बँकेच्या ॲपने नाकारलेल्या ग्राहकाविषयी त्यात काही नाही, आणि त्याच्याविषयी बोलणे हे स्पर्धा आयोगाचे नव्हे, रिझर्व्ह बँकेचे काम आहे.

आणि रिझर्व्ह बँकेकडे नमुना घरातच आहे. *९९# हा क्रमांक फिरवा. कुठलाही फोन, कुठलीही कार्यप्रणाली, इंटरनेटही नको. मराठीसह अनेक भाषांतून यादी येते, शिल्लक कळते, एका वेळी पाच हजारांपर्यंत पैसे पाठवता येतात. २०१४ मध्ये ही सेवा देशभर गेली. २०२२ मध्ये दूरसंचार नियामकाने तिच्यावरचे शुल्क काढले आणि त्याच वर्षी साध्या फोनांसाठी यूपीआय १२३ पे सुरू झाली. दिसायला ही सेवा ओबडधोबड आहे, मधेच तुटते, जाहिरातीत ती कुणी दाखवत नाही. परंतु फोन कुणाचा, हा प्रश्न ती विचारत नाही.

स्मार्टफोनवर याचेच रूप म्हणजे ब्राउझर. सेलफिशवर तो होता, ब्लॅकबेरीवर होता, कायओएसवरही आहे. माझी मागणी एवढीच आहे की परवानाधारक बँक आणि सरकारी खाते जे जे काम ॲपमध्ये देते, यूपीआय धरून, ते ते काम साध्या ब्राउझरमध्येही देण्याची अट नियामकाने घालावी, आणि यंत्राची साक्ष हवीच असेल तर ती एकाच कंपनीकडून घेण्याची सक्ती नसावी. मग दुभाषा ठेवायचा की काढायचा, हे ज्याने त्याने आपल्या फोनपुरते ठरवावे.